वाघिणीनं चाटलेला हात

पुंडलिकरावाच्या उजव्या हाताला वाघिणीनं चाटलं होतं. घाटंजीपासून पांढरकवड्यापर्यंत कोणालाही विचारा, सांगतील. वाघीण टिपेश्वरच्या जंगलातली. अडली होती बिचारी, पिल्लू आडवं आलं होतं. पुंडलिकराव मोहफुलं वेचायला गेलेला. त्यानं टोपली खाली ठेवली, बाही वर केली, हात घातला, पिल्लू सरळ केलं. वाघिणीनं त्याचा हात कोपरापासून बोटांपर्यंत चाटला आणि पिल्लू तोंडात धरून निघून गेली. तेव्हापासून त्या हातावर केस उगवत नाहीत आणि त्या हाताखाली गाय मरत नाही. वाघीण पुढं दर पोळ्याला त्याच्या दारात रानडुकराची तंगडी ठेवून जायची, असंही सांगतात.

तंगडीचं मी नव्हतं सांगितलं. ते लोकांनी जोडलं. बाकी सगळं माझं.

मी वामनराव. वय विचारू नका, प्रत्येकाला वेगळं सांगितलं आहे. पुंडलिकरावाच्या हातावर केस नव्हते, कारण लहानपणी हुरडा भाजताना तो आगटीत पडला होता, आणि ढकलणारा मी होतो. आता हे सांगण्यापेक्षा वाघीण बरी.

पण गुण खरा होता. अडलेल्या गाई-म्हशी सोडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चाळीस वर्षं त्यानं हे केलं. कोणाकडून काही घेतलं नाही. फक्त सुटलेल्या गाईचा पहिला चीक त्याच्या घरी जायचा, अशी रीत पडली होती. त्यामुळं त्याच्या घरी खरवस एवढा असायचा की त्याच्या पोराला, श्रीकृष्णाला, खरवसाचा वास आला की तो शेतात पळून जायचा. पोराचं नाव श्रीकृष्ण आणि घर ख्रिस्ताचं. पुंडलिकरावाची बायको आजारी होती तेव्हा पाळकसाहेबांच्या घरून तीन महिने डबा आला. ती गेली, पण हा तिकडंच राहिला. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "पोराचं नाव बदलता का?" तर म्हणाला, "साहेब, आधार कार्ड कोन बदलून देईन?"

त्याच्या कामात माझंही एक काम असायचं. गाईच्या मागं तो बसला की मी गोणपाट धरून उभा राहायचो, आडोसा म्हणून. कोणी पाहिलेलं त्याला चालत नसे. आणि मालकाचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून मी तिथं उभ्याउभ्या वाघिणीची गोष्ट सांगायचो. आम्ही दोघं मिळून एक डॉक्टर होतो म्हणा.

गोणपाटाचं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं. पुंडलिकराव डावखुरा होता. शाळेत गुरुजींनी त्याच्या डाव्या हातावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्या मोडल्या. एका लग्नात डाव्या हातानं वरण वाढलं म्हणून त्याला पंगतीतून हाकललं. तेव्हापासून तो चारचौघांत सगळं उजव्या हातानं करायला शिकला, जेवणही, नमस्कारही. पण गाईच्या पोटात उजव्याला काही समजत नसे. तिथं डावाच लागायचा. मग गोष्टीत मी उजवा का घातला? गोष्टीत डावा हात शोभत नाही. बस, एवढंच.

यंदा दिवाळीनंतर दुसऱ्या वेचणीला तो ओटीतला कापूस ढिगावर टाकायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. श्रीकृष्ण आणि सून अर्पिता पळत गेले. डावा हात, डावा पाय, डावा गाल, सगळं गेलं. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणला तेव्हा गाव भेटायला लोटलं.

"वाचला बाप्पा! उजवा वाचला!" धनसिंग शेजारच्या बंजारा तांड्याहून आला होता, तो त्याचा उजवा हात कपाळाला लावून म्हणाला. "वाघिनीचा हात वाचला. देवाले काळजी हाय."

पुंडलिकरावाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना वाटलं, आनंदानं. तो माझ्याकडं पाहत होता. मी छताकडं पाहत होतो.

लोक गेल्यावर तो जड जिभेनं म्हणाला, "वामन्या, सांग ना आता त्यायले."

"काय सांगू?"

"डावा होता म्हनून."

"सांगू, सांगू. घाई काय हाय?"

घाई नव्हतीच. हिवाळ्यात गाई कमी वितात.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं बारा. टिनाच्या खोलीत रविवारी उपासना होते. मीही जातो. मी ख्रिस्ती नाही, पण उपासनेनंतर चहा आणि चिवडा असतो, आणि पाळकसाहेब मला कधी हाकलत नाहीत. ते पांढरकवड्याहून मोटरसायकलवर येतात, येईपर्यंत पांढऱ्या शर्टाचा रंग रस्त्याच्या धुळीसारखा होतो. त्या रविवारी ते म्हणाले, "देवानं जे तुमच्या हातात ठेवलं ते तुमचं नाही. दुसऱ्याकडं पोचवायला दिलेलं आहे. कोणाला गळा दिला, कोणाला बुद्धी, कोणाला नुसता धीर. वाटून दिलं तर वाढतं. मूठ मिटून बसाल तर मरताना मुठीत घाम सापडेल, दुसरं काही नाही."

पुंडलिकराव खुर्चीत बसून ऐकत होता. त्याला ही विद्या त्याच्या मामानं मरताना दिली होती आणि सांगितलं होतं की जिवंतपणी कोणाला शिकवली तर हातातून उतरते. वीस वर्षं ख्रिस्ताला मानूनही ती भीती त्याच्या मनातून गेली नव्हती.

चहाच्या वेळी मी पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, मले देवानं काय देल्लं?"

"तोंड," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

घरी जाताना पुंडलिकराव म्हणाला, "शिकवतो आता."

"कोनाले? अन् उतरन ना विद्या."

"उतराले राह्यलंच काय, वामन्या?"

अर्पिताला शिकवायचं त्यानं ठरवलं. ती आर्णीकडची. हात लांब, निमुळता, मनगट पोरीचं असावं तसं बारीक. श्रीकृष्ण म्हणाला, "बाईले कोन हात घालू देईन बाबा?" तर अर्पिता म्हणाली, "गाय काय बाप्या हाय का?"

दिवसभर ती कापूस वेचायची. संध्याकाळी बोटं बोंडांच्या काट्यांनी चिरलेली असायची, तीच तेलात बुडवून शिकायला बसायची. पुंडलिकरावानं गादीची जुनी खोळ मागवली. खताची थैली ओल्या सरकीनं भरली, पऱ्हाटीच्या काड्यांचे चार पाय लावले, ते झालं वासरू. वासरू खोळीत, खोळ कडुलिंबाच्या फांदीला आडवी बांधलेली. मग तो खोळीच्या तोंडाला पीळ द्यायचा. गाईची पिशवी अशीच पिळली जाते आणि वासराची वाट बंद होते.

"अंगठा वर ठेव. डोळे मीट."

"मिटले, मामाजी."

"काय लागते?"

"सरकी."

"सरकी नोको म्हनू. गुडघा म्हन."

"गुडघा लागते."

"त्याच्यावरून पुढं जाय. खांदा धर. आता हिसका नाई द्याचा, झोका द्याचा. एक, दोन, अन् तळव्याकडं फिरव. पीळ बहुतेक एकाच अंगाचा असते. तळव्याकडं."

पहिल्या आठवड्यात काड्या मोडल्या, वासरू लंगडं झालं. मी म्हटलं, "याले आता सरकारी दाखला भेटते." दुसऱ्या आठवड्यात पीळ सुटला. तिसऱ्यात ती डोळे मिटून, माझ्याशी बोलत बोलत सोडवायची. पुंडलिकराव तिला आपल्या उजव्या हातानं करून दाखवायचा, डावा मांडीवर मेलेल्या सशासारखा पडलेला. पीळ घालायचा तोही उजव्यानं, आणि तिच्या उजव्यानं तो दर वेळी सुटायचा. मी समोर बाजेवर बसून रोज पाहत होतो. तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

नाताळाच्या उपासनेत त्यानं पाळकसाहेबांना सांगितलं, "साहेब, मूठ उघडली." मी त्याला एवढा खूश कधी पाहिला नव्हता. अर्धाच चेहरा हसत होता, पण त्या अर्ध्यात सगळं होतं.

पौषात एका बुधवारी, ऊन वर आल्यावर, धनसिंग मोटरसायकल घेऊन आला. त्याची गाय चांदी पहाटेपासून अडली होती. जनावरांच्या डॉक्टरला फोन लागला, तर ते दूरच्या गावी लसीकरणाला होते, दोन तास म्हणाले. पुंडलिकरावाला मोटरसायकलवर मधे बसवलं, मागून श्रीकृष्णानं धरलं. अर्पिता आणि मी पायी पळालो. मी या वयात पळालो, हे तरी खरं माना.

तांड्यावर पन्नासेक माणसं जमली होती. चांदी पाय फाकवून उभी, मान खाली, पोट आत ओढायची आणि सोडायची. धनसिंगच्या आईनं अर्पिताला पाहिलं आणि म्हणाली, "ही? पोरगी?"

"पुंडलिकमामाची विद्या हाय तिच्यापाशी," धनसिंग म्हणाला, पण त्याचा आवाज त्याच्याच शब्दांवर विसंबत नव्हता.

पुंडलिकरावाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. अर्पितानं पदर खोचला, उजव्या हातातल्या बांगड्या एक एक करून काढल्या आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून सासऱ्याच्या मेलेल्या डाव्या तळव्यात ठेवल्या. कोपरापर्यंत तेल लावलं आणि गुडघ्यावर बसली. मी गोणपाट धरला आणि सुरुवात केली, "टिपेश्वरच्या जंगलात एकदा..."

"पीळ हाय, मामाजी," ती आतून आल्यासारख्या आवाजात म्हणाली. "हाताले लागून राह्यला."

"जित्तं हाय का?"

"पाय वढला त्यानं. जित्तं हाय!"

"मंग फिरव. तळव्याकडं."

तिनं फिरवलं. चांदी ओरडली. असं ओरडणं मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"घट्ट झालं, मामाजी."

"पुन्हा. झोका दे."

पुन्हा ओरडली. पुढचे गुडघे दुमडले.

मी गोष्ट सांगत होतो, वाघीण वळून पाहते तिथपर्यंत आलो होतो, आणि गोणपाटाच्या कडेवरून माझी नजर खाली गेली. चाळीस वर्षं याच जागी उभं राहून मी पुंडलिकरावाचा डावा खांदा गाईच्या मांडीला टेकलेला पाहिला होता. आज तिथं उजवा खांदा होता. मी गोष्ट थांबवली. आपले दोन्ही हात, अंगठे वर करून, समोर धरून पाहा. डाव्याचा तळवा उजवीकडं बघतो, उजव्याचा डावीकडं. पुंडलिकरावाचं तळव्याकडं आणि तिचं तळव्याकडं एक नव्हतं. खोळीचा पीळ त्यानं उजव्यानं घातलेला, म्हणून तिच्या उजव्यानं सुटायचा; गाईचा पीळ उलट अंगाचा होता. ती पीळ सोडवत नव्हती, आवळत होती.

मी तोंड उघडलं.

समोर पन्नास माणसं होती. त्यांतल्या अर्ध्यांची पोरं पुंडलिकरावाच्या उजव्या हाताखाली डोकं ठेवून मोठी झाली होती. धनसिंगची आई पुढंच बसली होती; तिनं तर त्या हाताला हळद लावली होती. काय सांगू? वाघीण नव्हती? हात तो नव्हता? चाळीस वर्षं तुमच्या गोठ्यात उभा राहून फेकत होतो?

मी तोंड मिटलं. वाटलं, अजून एकदा फिरवेल आणि सुटेल. वाटलं, डॉक्टर येतील. एक बिडी जळून संपेल एवढा वेळ मी गप्प राहिलो. आयुष्यात सलग एवढा वेळ मी कधी गप्प राहिलो नसेन.

"पाय वढत नाई आता," अर्पिता म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"डावा!" मी ओरडलो. "डाव्या हातानं कर! पुंडलिकचा डावा होता! डावा होता तो!"

"काका!" धनसिंग अंगावर आला. "आता नाई. आता फेका नाई माराच्या, पाया पडतो."

"खरं हाय रे!"

"चूप बसा म्हनतो ना!"

अर्पितानं वळून सासऱ्याकडं पाहिलं. पुंडलिकराव माझ्याकडं पाहत होता. मग त्यानं उजव्या हातानं आपला डावा हात मनगटाला धरला आणि वर उचलला. बांगड्या जमिनीवर घरंगळल्या. हात वर लोंबत होता.

"हा," तो म्हणाला. "हाच."

लोकांना काही समजलं नाही. तिला समजलं. तिनं उजवा हात बाहेर काढला, तेव्हा डाव्या हातातल्या बांगड्या काढताना उजवी बोटं रक्तानं निसटत होती. तिनं मनगट खुंट्यावर आपटलं. काच फुटली. तांड्यातल्या बायका त्यांच्या बोलीत एकदम "याडी ये!", आई गं, करून ओरडल्या; नवरा समोर उभा असताना सवाशिणीनं बांगड्या फोडल्या. श्रीकृष्ण खाली पाहत राहिला.

तिचा डावा हात म्हणजे सामान्य माणसाचा डावा हात. त्याला कधी काही शिकवलं नव्हतं. चुकत, घसरत, रडत तिनं अर्धा तास लावला. पीळ सुटला. वासरू आलं. गोऱ्हा होता, कपाळावर पांढरा टिक्का, जीभ निळी बाहेर पडलेली. तिनं त्याच्या नाकात काडी घातली, फुंकर मारली, छाती चोळली. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. चांदीनं मागं वळून त्याला चाटायला सुरुवात केली.

चांदी जगली. त्यामुळं रीतीप्रमाणं दुसऱ्या दिवशी धनसिंगनं गंजभर चीक पाठवला. प्यायला वासरू नव्हतं, चीक भरपूर होता. अर्पितानं गूळ घालून खरवस केला, ताटलीत वड्या पाडल्या. पुंडलिकरावापुढं ठेवला. त्यानं ताटली बोटानं दूर सारली. त्या बुधवारच्या "हाच" नंतर तो बोललाच नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पुन्हा लकव्याचा झटका आला असावा. असेल.

मी दारात उभा होतो. ती मलाही वडी द्यायला आली. तिच्या डाव्या मनगटावर चिंधी होती.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"मी रात्रभर त्या खोळीपाशी करून पाह्यलं. हात बदलाची गरजच नव्हती. उजव्यानंच उलटं फिरवलं असतं तरी सुटलं असतं. हो ना?"

मी दोन्ही हात पुढं धरून पाहिले. हो.

"तुमी नुसतं 'उलटं फिरव' म्हनले असते तर..." ती म्हणाली. ताटली माझ्या हातात ठेवून आत गेली.

रविवारी उपासनेत साक्ष देतात. ज्याच्या आयुष्यात देवानं काही केलं त्यानं उठून सगळ्यांपुढं सांगायचं. मी पहिल्यांदा उठलो. सगळं सांगितलं: हुरड्याची आग, गुरुजींच्या काड्या, गोणपाट, डावा हात, वाघीण नव्हती, बिडीएवढा वेळ. म्हटलं, "पाळकसाहेब, देवानं मले तोंड देल्लं, तुमीच म्हनले होते. ते मी आयुष्यभर वाटत फिरलो, अन् ज्या दिवशी कामाचं होतं त्या दिवशी मिटून धरलं."

मागून रत्नप्रभाबाई फिसकन् हसली. मग सगळी खोली हसली. वाईट हसणं नव्हतं ते, प्रेमाचंच होतं. कोणी म्हणालं, "काका, वाघीन नव्हती म्हन्ता? मंग केस काहून नाई हातावर?" दुसरा म्हणाला, "आता समजलं. लकवा मारला तवा वाघिनीनं गुन उजव्यातून डाव्यात टाकला. पुंडलिकमामानं दाखवला ना हात उचलून!" पाळकसाहेबही हसू दाबत म्हणाले, "वामनराव, साक्ष खरी द्यायची असते." मी पुंडलिकरावाकडं पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडं पाहत होता, अर्ध्या चेहऱ्यानं.

चहाला मी थांबलो नाही.

काल सकाळी तांड्यावरच्या रामसिंगची म्हैस अडली आणि अर्पिताला बोलावणं आलं. जनावरांचे डॉक्टर याही वेळी रस्त्यातच कुठंतरी होते. अर्पितानं लगेच पदर खोचला. मी म्हटलं, चला, हिला तरी लोकांनी बोलावलं. तिनं उजव्या हातातल्या बांगड्या काढल्या, तेल लावलं, गुडघ्यावर बसली.

"थांब, बाई," रामसिंग म्हणाला. "उजवा नाई. डावा घाल."

"दादा, माह्या उजव्यालेच समजते. मले आता मालूम हाय कुठं फिरवाचं ते."

"नाई. गुन डाव्यात गेला. उजव्यानं धनसिंगचा गोऱ्हा गेला, डाव्यानं गाय वाचली. समद्यायनं पाह्यलं."

"रामसिंग," मी म्हणालो, "माह्या मायची आन घेतो. उजवा घालू दे तिले. वाघीन बिघीन काई नव्हती. मी बनवली होती ती, गम्मत म्हनून."

रामसिंगचे डोळे म्हशीकडं लागलेले होते, पाण्यानं भरले होते, तरी तो हसला. "काका, तुमी बी ना," तो म्हणाला. "गोठ्यात तरी खरं बोला."

अर्पितानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या उजव्या कोपरावरून तेल ठिबकत होतं. मी अजून एकदा तोंड उघडलं, पण त्यातून जे येणार होतं ते कोणाच्याच कामाचं नव्हतं. म्हैस कण्हली. अर्पितानं उजवा हात पदराला पुसला आणि डाव्या हातातल्या नव्या बांगड्या एक एक करून काढायला लागली.

मी गोणपाट उचलून धरला.

रामसिंगची बायको म्हशीचं दावं धरून उभी होती. "काका," ती म्हणाली, "वाघिनीची सांगा ना. माहा जीव घाबरून राह्यला."

गोणपाटाच्या मागं डावा हात चाचपडत होता. मी घसा साफ केला.

"टिपेश्वरच्या जंगलात एकदा," मी म्हणालो, "एक वाघीण अडली होती..."